आडवी रेघ

कर्वेनगरात माझं झेरॉक्सचं दुकान.
महिनाअखेरीला एक गृहस्थ यायचे,
एकतीस ओळींचा कोरा तक्ता, चाळीस प्रती,
सुट्टे पैसे मोजून.
एकदा विचारलं, दूध घालता का घरोघर?
म्हणाले, "नाही. आभाळ."

असा अडकलो.

दर दुसऱ्या रविवारी, सकाळी आठला,
तळजाईच्या पायथ्याशी शाळेची गच्ची.
पांढरी झडपांची पेटी, दार उत्तरेला,
उन्हानं आत डोकावू नये म्हणून.
निरगुडे सर आधी वेरावळला, मग महाबळेश्वरला
सदतीस वर्षं निरीक्षक होते.
आता आम्हाला पेटीपुढं उभं राहायला शिकवतात.
"श्वास धरा. डोळा पाऱ्याच्या पातळीत.
आधी दशांश वाचा, पूर्णांक मागाहून.
पूर्णांक कुठं पळत नाही,
दशांश मात्र तुमच्या अंगाच्या उबेनं चढतो."

इतक्या अदबीनं
मी कुणाही माणसापुढं उभा राहिलेलो नाही.

ढग आठात मोजायचे.
आभाळाचे आठ वाटे करा, किती झाकलेत सांगा.
ओजस, सातवीतला, म्हणतो तीन.
पोतनीस काकू म्हणतात पाच, आणि कारणं देतात.
वाद मिटेपर्यंत
ढग सिंहगडाकडं निघून गेलेले असतात.

थंडीत तर भांडणच.
पाषाणचा दिघे म्हणतो, पहाटे नऊ पूर्णांक चार.
मगरपट्ट्याची मुलगी म्हणते, साडेचौदा.
दोघं एकमेकांकडं बघतात,
एकानं तरी खोटं बोलावं अशा आशेनं.
सर म्हणतात, दोन्ही खरं.
थंडी पाण्यासारखी, रात्री उताराला लागते,
खोलगट जागा मिळाली की बसून राहते.

डिसेंबरात वर्षाच्या वह्या तपासल्या.
आत्तारबाई कोंढव्याहून दोन बस बदलून आल्या होत्या.
त्यांच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक,
रोज साडेआठची नोंद, अक्षर मोत्यासारखं.
ऑगस्टचं पान उघडलं.
अकरा ते एकोणीस, कोरं.

"ससूनला होते," म्हणाल्या. "ह्यांच्याजवळ."
पुढचं आम्हाला माहीत होतं.
"शेजारचा मुलगाही मोजतो. त्याचे आकडे घालू?
की शून्य टाकू?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"शून्य म्हणजे तुम्ही पाहिलंत, आणि पाऊस नव्हता.
तुम्ही पाहिलं नाहीत.
शून्य टाकलंत तर वही खोटी,
त्याचे आकडे घातलेत तर वही त्याची.
आडवी रेघ मारा."
"नऊ?"
"नऊ."

पट्टी न घेता त्यांनी रेघा मारल्या.
आठवी जरा लांब गेली.

वीस तारखेसमोर मात्र आकडा होता.
एकशे बारा मिलिमीटर.
घरी परतल्यावर कुणाकुणाचे हात सोडवून
त्या गच्चीवर गेल्या होत्या,
बाटलीत साठलेलं मोजपात्रात ओतलं होतं,
डोळा पातळीत धरून.

"हा दहा दिवसांचा मिळून," सर म्हणाले.
"शेऱ्यात लिहा, साठलेला.
एका दिवसाचा धरायचा नाही."
बाईंनी लिहिलं.
पोतनीस काकूंनी डब्यातली वडी पुढं केली,
ओजस झडपांतून बोट घालत होता, त्याला ओरडा बसला.

सोमवारी त्या वह्या माझ्याकडं आल्या, प्रतींसाठी.
टोनर संपत आला होता.
ऑगस्टच्या पानावर आकडे कसेबसे उमटले,
रेघा उमटल्याच नाहीत,
नुसता पांढरा कागद.

नवी कार्ट्रिज बसवून पान पुन्हा काढलं, गडद करून.
नऊ मोजल्या.
पहिली प्रत पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात गेली,
तिच्या मागं आता कुणाची तरी उधारी आहे.